दिसलं की थांबता यावं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात अटलांटा नावाचं एक लहान गाव आहे. तिथल्या मुख्य रस्त्याच्या कडेला सुमारे १९ फूट उंचीचा फायबरग्लासचा माणूस उभा आहे आणि त्याच्या हातांत एक भलामोठा हॉट डॉग आहे. थोडं थांबून त्या हातांकडे पाहिलं की काहीतरी खटकतं. उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे. खायची वस्तू अशी कुणी धरत नाही. कुऱ्हाडीचा दांडा मात्र असाच धरतात. या पुतळ्याचा मूळ पुरुष लाकूडतोड्याच होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावच्या एका कॅफेसाठी पॉल बन्यनचा, म्हणजे अमेरिकन लोककथांमधल्या दांडग्या लाकूडतोड्याचा पुतळा घडवला गेला. त्याचा साचा पुढे कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस इथल्या 'इंटरनॅशनल फायबरग्लास' या कंपनीकडे आला. साचा करायला खर्च फार. एकदा तो हाती आला की त्यातून पुतळे काढणं सोपं. कंपनीने त्याच साच्यातून माणसांमागून माणसं काढली आणि ती देशभरच्या टायरच्या दुकानांसमोर, पेट्रोल पंपांवर, खाणावळींच्या दारात उभी राहिली. काहींच्या हातात मोटारीचा सायलेन्सर दिला होता. त्याला अमेरिकेत मफलर म्हणतात, म्हणून या सगळ्या जमातीचंच नाव 'मफलर मॅन' पडलं. कपड्यांचे रंग बदलले, डोकी बदलली, हातातल्या वस्तू बदलल्या, पण हात लाकूडतोड्याचेच राहिले.

असे पुतळे, सिमेंटचे देवमासे, तंबूच्या आकाराच्या खोल्या, जमिनीत नाक खुपसून पुरलेल्या मोटारी पाहण्यासाठी म्हणून एकट्याने गाडी काढणारे प्रवासी आज जगभरातून अमेरिकेत जातात. त्यातले बहुतेक निघतात ते रूट ६६ या रस्त्यावर. हा रस्ता १९२६ साली, देशातल्या महामार्गांना पहिल्यांदा सलग क्रमांक दिले गेले तेव्हा जन्मला. शिकागोपासून लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकापर्यंत, आठ राज्यांतून, जवळपास २,४५० मैल, म्हणजे ३,९००हून अधिक किलोमीटर. या रस्त्याकडेच्या वस्तूंकडे लोक सहसा करमणूक म्हणून पाहतात: विचित्र आहे, फोटो काढू, पुढे जाऊ. माझं म्हणणं असं की या वस्तू विक्षिप्तपणातून आलेल्या नाहीत. मोटारीचा वेग, रस्त्याची रचना आणि हाताशी भांडवल नसलेला दुकानदार या तीन गोष्टींचं ते अगदी काटेकोर उत्तर आहे. हे उत्तर समजलं की रस्ता वाचता येतो. आणि तो वाचायला सगळ्यात सोयीचा माणूस म्हणजे गाडीत एकटा बसलेला प्रवासी.

आधी हिशेब पाहू. ताशी ७५ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २१ मीटर अंतर कापते. चालकाच्या मनात थांबायचं आलं, पाय ब्रेकवर गेला, मागच्याला धक्का न बसता गाडी सावकाश कडेला आली, इतक्यात शंभर-सव्वाशे मीटर सहज सरतात. आता फूटभर उंचीची अक्षरं साधारण शंभर-एकशेदहा मीटरवरून नीट वाचता येतात. म्हणजे साधी पाटी वाचून होते तेव्हा थांबायची वेळ निघून गेलेली असते. गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. पाटीची अक्षरं वाढवून हा पेच फारसा सुटत नाही. मात्र २० फुटी माणूस, घराएवढं बदक किंवा निळा देवमासा वाचावा लागत नाही. तो दिसतो, आणि अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो. चालकाला विचार करायला वीस-पंचवीस सेकंद मिळतात. मागच्या सीटवरची मुलं ओरडायला तेवढे पुरतात. या पुतळ्यांची उंची कुणाच्या लहरीने ठरलेली नाही, ती समोरच्या काचेतून मोजून काढलेली आहे.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मार्टिन मॉरर नावाचा एक बदकपालक होता. त्याने १९३१ साली आपल्या दुकानाला बदकाचाच आकार दिला: लाकडी सांगाडा, त्यावर तारेची जाळी, वरून सिमेंटचा थर. उंची २० फूट, लांबी ३० फूट. आतल्या दुकानात बदकं आणि अंडी मिळत. या बदकाचे डोळे म्हणजे फोर्डच्या मॉडेल टी गाडीचे मागचे लाल दिवे आहेत. रात्री ते चमकत. विकणाऱ्याने विकायच्या मालाला घेणाऱ्याच्या वाहनाचे डोळे लावले! रस्त्याकडेच्या या सगळ्या कलेचा गाभा मला या दोन दिव्यांत दिसतो. तीच गोष्ट वेगळ्या वाटेने साउथ डकोटातल्या वॉल या गावात घडली. टेड आणि डोरोथी हस्टेड या जोडप्याने १९३१ साली तिथलं औषधाचं दुकान विकत घेतलं. गाव तीन-चारशे वस्तीचं, मंदीचा काळ, बाहेरून गाड्या जायच्या पण आत कुणी यायचं नाही. १९३६च्या उन्हाळ्यात डोरोथीला सुचलं की भर माळावरून येणाऱ्या तहानलेल्या माणसाला औषध नको असतं, गार पाणी हवं असतं. त्यांनी रस्त्यावर ओळीने पाट्या लावल्या: बर्फाचं पाणी, फुकट. आपण जिला पाणपोई म्हणतो तीच ही, फक्त पुण्याऐवजी धंद्याच्या हिशेबाने घातलेली. पाणी प्यायला थांबलेला माणूस आइस्क्रीम घेतो, भाकरीचा तुकडा मोडतो, पोस्टकार्ड विकत घेतो. आज त्या दुकानाने गावातली अख्खी एक रांग व्यापली आहे आणि पाणी अजून फुकट आहे.

या धंद्यातली सगळ्यात सुंदर युक्ती मात्र ॲरिझोनातल्या होलब्रूकची. फ्रँक रेडफर्ड नावाच्या माणसाने केंटकी राज्यात तंबूच्या आकाराच्या सिमेंटच्या खोल्यांचं मोटेल बांधलं होतं. चेस्टर लुइस याने ते पाहिलं आणि १९५०मध्ये होलब्रूकला, रूट ६६ वर, तशाच पंधरा खोल्या उभारल्या. नकाशा वापरण्याचा मोबदला म्हणून रेडफर्डने रोख रक्कम मागितली नाही. प्रत्येक खोलीत नाणं टाकून चालणारा रेडिओ बसवायचा. दहा सेंटचं एक नाणं टाकलं की अर्धा तास गाणी. आणि त्या डब्यातली सगळी नाणी रेडफर्डची. भांडवल नसलेल्या माणसांनी एकमेकांशी केलेला हा व्यवहार आहे. बँक नाही, करारांची भेंडोळी नाहीत. दिवसभर गाडी चालवून थकलेल्या माणसाला रात्री गाणं ऐकावंसं वाटेल, एवढा एकच भरवसा. असं मोटेल एकूण सात ठिकाणी झालं, त्यातली तीन आज उभी आहेत.

मग हे सगळं गेलं कुठे? सोपं उत्तर असं दिलं जातं की लोकांची आवड बदलली. पुरावा वेगळं सांगतो. १९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. या रस्त्यांवर कुठूनही चढता येत नाही आणि कुठेही उतरता येत नाही. ठरलेल्या अंतरावर फाटे असतात. चालकाला उतरायचं असेल तर मैलभर आधी ठरवावं लागतं, कडेची मार्गिका धरावी लागते. जुन्या रस्त्यावर दिसणं आणि थांबणं ही एकच क्रिया होती. बदक दिसलं, पाय ब्रेकवर. नव्या रस्त्याने या दोन गोष्टी एकमेकांपासून तोडल्या. पुतळा दिसतो तेव्हा त्याचा फाटा मागे पडलेला असतो किंवा पुढचा फाटा दहा मैलांवर असतो. वीस फुटी माणूस तितकाच उंच राहिला, त्याचा उपयोग मात्र संपला. त्यात १९६५ साली महामार्ग सुशोभनाचा कायदा आला आणि रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांवर मर्यादा आल्या. 'अजून ८० मैल', 'अजून ४० मैल' असं सांगत गिऱ्हाइकाला हाताला धरून आणणाऱ्या पाट्यांची साखळी तुटू लागली.

फाट्यावर आधीच निर्णय घ्यायचा असेल तर माणूस ओळखीचं नाव निवडतो. खांबावरची खूण मैलावरून ओळखता आली पाहिजे आणि आत काय मिळेल ते न पाहता माहीत असलं पाहिजे. हॉलिडे इन आणि मॅकडोनाल्ड्स यांची भरभराट याच रस्त्यांबरोबर झाली, हा योगायोग नव्हे. एक मार्ग वेगळेपणावर जगत होता, दुसरा सारखेपणावर. शेवटचा तुकडाही बायपासने ओलांडला गेल्यावर १९८५ साली रूट ६६ हा क्रमांक अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला.

सेलिगमन या ॲरिझोनातल्या गावाचं उदाहरण याबाबतीत फार बोलकं आहे. २२ सप्टेंबर १९७८ रोजी आंतरराज्य महामार्ग ४० गावाला वळसा घालून सुरू झाला आणि गावातून दिवसभर अखंड वाहणारी मोटारींची रांग एका दिवसात आटली. गावात एंजल डेलगाडिलो नावाचा न्हावी होता. जन्म १९२७चा, रस्त्याहून एका वर्षाने लहान. त्याने गाव सोडलं नाही. १९८७ साली इतरांना गोळा करून त्याने संघटना काढली आणि हा रस्ता ऐतिहासिक म्हणून जाहीर करावा यासाठी राज्य सरकारच्या मागे लागला. सरकारने ऐकलं. सेलिगमनपासून पश्चिमेला कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत जवळपास १६० मैलांचा जुना रस्ता आज सलग टिकून आहे आणि पुढे इतर राज्यांनी हाच कित्ता गिरवला. डेलगाडिलोला जे कळलं होतं ते मला महत्त्वाचं वाटतं. पूर्वी लोक कुठेतरी पोचण्यासाठी या रस्त्यावरून जात आणि वाटेत थांबत. आता ते थांबण्यासाठीच या रस्त्यावर येणार होते. पुतळ्याचा माल संपला होता. पण पुतळाच माल झाला.

इथे पहिला आक्षेप येतो. ही सगळी बाजारू, भडक कामं. त्यांना संस्कृतीचा दर्जा कशाला द्यायचा? हा आक्षेप जुना आहे आणि घेणारी माणसं साधी नव्हती. पीटर ब्लेक या वास्तुसमीक्षकाने १९६४मध्ये अमेरिकेच्या विद्रूपीकरणावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात लाँग आयलंडच्या त्याच बदकाचं छायाचित्र वाईट वास्तूचा नमुना म्हणून छापलं. गंमत म्हणजे रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या वास्तुरचनाकारांनी तेच बदक उचललं आणि त्याचा पारिभाषिक शब्द केला. स्टीव्हन आयझेनॉर यांच्यासह त्यांनी १९७२ साली लास वेगासवर लिहिलेल्या पुस्तकात इमारतींचे दोन प्रकार केले: जिचा आकारच अर्थ सांगतो ते 'बदक', आणि साधी शेड बांधून अर्थ पाटीवर लिहिला ती 'सजवलेली शेड'. त्यांचं स्वतःचं मत शेडच्या बाजूने होतं. काच आणि काँक्रीटमधून आपण किती आधुनिक आहोत हे ओरडून सांगणाऱ्या प्रतिष्ठित इमारतीही मुळात बदकंच आहेत, असं त्यांनी दाखवून दिलं. जगभरच्या वास्तुशास्त्राच्या वर्गांत आज हे दोन शब्द शिकवले जातात. एका बदकपालकाच्या दुकानाने विद्येला शब्द दिला. १९९७ साली त्याची नोंद ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली.

शिवाय सगळं बाजारू होतं हेही खरं नाही. ओक्लाहोमातल्या कटूसा गावाजवळ रूट ६६ च्या कडेला तळ्यात तोंड वासून बसलेला ८० फूट लांबीचा निळा देवमासा आहे. ह्यू डेव्हिस हा तुल्साच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक. त्याची बायको झेल्टा देवमाशांच्या छोट्या मूर्ती जमवत असे. निवृत्त झाल्यावर ह्यूने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून लोखंडी पाइप आणि सिमेंटमधून हा देवमासा उभा केला. १९७२मध्ये तो पुरा झाला. हेतू घरच्या मुला-नातवंडांना डुंबायला जागा व्हावी, एवढाच. अंगातून पाण्यात उतरणाऱ्या घसरगुंड्या, शेपटीवर उडी मारायचा कट्टा. पण तळं रस्त्यावरून दिसत होतं. लोक थांबू लागले, मुलं पाण्यात उतरू लागली. शेवटी डेव्हिस कुटुंबाने वाळू आणून टाकली, पाण्यावर लक्ष ठेवायला माणसं नेमली आणि तळं सगळ्यांसाठी खुलं केलं. १९८८ साली ते बंद पडलं, ह्यू १९९०मध्ये वारला, देवमाशाचा रंग उडाला. तेव्हा गावकऱ्यांनी स्वतः रंगाचे डबे आणून त्याला पुन्हा निळा केला. आज तो गावाच्या मालकीचा आहे. बायकोसाठी बांधलेली वस्तू रस्त्याने सार्वजनिक केली. जुन्या रस्त्याची ही ताकद होती: त्याच्या कडेला काहीही खाजगी फार काळ खाजगी राहत नसे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. जुना रस्ता धोकादायक होता. अरुंद, दोन पदरी, आंधळ्या वळणांचा. अपघातांमुळे त्याला काही भागांत 'रक्ताळलेला ६६' म्हणत. समोरून येणारी वाहतूक वेगळी करणाऱ्या आणि चौक टाळणाऱ्या आंतरराज्य महामार्गांनी हजारो जीव वाचवले आहेत. जुन्या रस्त्याच्या प्रेमापोटी हे नाकारणं चूक ठरेल. माझा मुद्दा नवा रस्ता नको असा नाहीच. मालाचे ट्रक, रुग्णवाहिका, घाईत असलेली माणसं नव्या रस्त्याने गेली, त्यामुळेच जुना रस्ता आज सावकाश चालवण्याजोगा झाला आहे. दोन रस्ते दोन कामांसाठी आहेत. फक्त नवा बांधताना जुन्यावर जगणाऱ्या गावांचं काय होईल, हा हिशेब त्या वेळी कुणी मांडला नाही, ही माझी तक्रार आहे.

तिसरा आक्षेप मनाला बोचणारा आहे: दिसलं की थांबावं, हे सगळ्यांना शक्य होतं का? नव्हतं. काळ्या अमेरिकन प्रवाशाला रूट ६६ वर कुठे पेट्रोल मिळेल, कुठे झोपता येईल, कोणत्या गावातून सूर्यास्ताच्या आत बाहेर पडलंच पाहिजे, हे आधीच माहीत असावं लागे. त्यासाठी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६पासून एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. 'ग्रीन बुक' म्हणून ती प्रसिद्ध आहे आणि नागरी हक्कांचा कायदा झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी ती निघायची थांबली. गोऱ्या कुटुंबाला जो पुतळा 'या' म्हणत होता, तोच दुसऱ्या कुटुंबाला काहीच सांगत नव्हता. ओक्लाहोमातल्या ल्यूथरजवळ थ्रेट कुटुंबाचा पेट्रोल पंप होता, काळ्या माणसाच्या मालकीचा, रूट ६६ वरच्या अगदी मोजक्यांपैकी एक. वालुकाश्माची ती बसकी इमारत अजून उभी आहे. तिच्यात पाहण्यासारखं भव्य काही नाही. तरीही मला विचाराल तर या रस्त्यावर जिथे थांबलंच पाहिजे अशा जागांत ती देवमाशाच्या आधी येते. तंबूच्या आकाराच्या खोल्यांनाही अशीच एक बोचरी बाजू आहे. त्यांना नाव 'विगवॅम' दिलं, आकार मात्र मैदानी प्रदेशातल्या मूलनिवासी जमातींच्या टिपी या तंबूचा. होलब्रूकच्या शेजारी राहणाऱ्या नवाहो लोकांचं घर या दोन्हींपेक्षा वेगळं, ते होगान. दुसऱ्याची संस्कृती न समजता तिचा आकार तेवढा उचलण्याचा हा ठळक नमुना आहे. पाडून टाकणं हे त्याचं उत्तर नव्हे. जे उभं आहे त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून पाहावं.

याच संदर्भात भारतीय वाचकाने लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. आंतरराज्य महामार्गांनी जुन्या रस्त्यांवरची मोटेलं डबघाईला आणली तेव्हा ती स्वस्तात विकत घेणाऱ्यांत गुजराती कुटुंबं पुढे होती. मालक तिथेच राहणार, घरचीच माणसं खोल्या झाडणार, रात्री-बेरात्री घंटी वाजली की उठणार. असा संसार आणि धंदा एकाच छपराखाली. शेजारच्या मोटेलवाल्यांनी मग 'अमेरिकन मालकीचं' अशा पाट्या लावून गिऱ्हाइकाला सूचना द्यायला सुरुवात केली. तरीही ही माणसं टिकली आणि आज अमेरिकेतल्या मोटेलांपैकी निम्म्याच्या आसपास भारतीय वंशाच्या मालकांची आहेत. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोचं तंबूवालं मोटेल, जे रेडफर्डने स्वतःसाठी बांधलं होतं, ते २००३ साली एका पटेल कुटुंबाने घेतलं. तोवर त्याची रया गेली होती. त्यांनी खोल्या दुरुस्त केल्या, रंगवल्या, पुन्हा नाव मिळवून दिलं. अमेरिकेच्या स्मरणरंजनाचा एक ठेवा गुजरातहून आलेल्या घराने वाचवला. रस्ता कुणाचा, या प्रश्नाला मला तरी याहून चांगलं उत्तर सापडत नाही.

आता एकट्याच्या प्रवासाकडे येतो. गाडीत चार माणसं असली की थांबणं हा ठराव होतो. कुणाला भूक लागलेली असते, कुणाला अंधाराच्या आत पोचायचं असतं, आणि वीस सेकंदांत ठराव मंजूर होत नाही. तोवर बदक मागे पडतं. एकट्या चालकाच्या डोळ्यांच्या आणि पायाच्या मध्ये कुणी नसतं. ज्या हिशेबाने ही शिल्पं बांधली गेली तो हिशेब त्याच्यापाशी पुरा लागतो. उतरल्यावर त्याला गप्पा मारायला सोबत नसते, म्हणून तो गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याशी बोलतो, आणि बहुतेक ठिकाणी खरी माहिती पाटीवर नसून त्या म्हाताऱ्यापाशी असते. टेक्सासमधल्या अमरिलोजवळचं कॅडिलॅक रँच घ्या. 'अँट फार्म' या कलावंतांच्या गटाने १९७४ साली गव्हाच्या शेतात दहा कॅडिलॅक गाड्या नाकाकडून तिरक्या पुरल्या, १९४९ ते १९६३ या काळातल्या. ओळीने चालत गेलं तर या गाडीच्या शेपटीवरचे पंख कसे उगवले, टोकदार झाले आणि मावळले ते एका नजरेत दिसतं. शहर वाढलं तेव्हा १९९७मध्ये दहाही गाड्या उपटून दोन मैल पश्चिमेला नेऊन पुन्हा तशाच पुरल्या. येणारा प्रत्येक जण रंगाची फवारणी करतो, आणि पत्र्यावर रंगाचे इतके थर चढले आहेत की कडा गोलसर, फुगीर झाल्या आहेत. तुमचं नाव तिथे फार तर दोन-चार दिवस टिकतं. ते काम घोळक्यात हसत-खिदळत उरकण्याचं नाही. शेतातल्या वाऱ्यात एकट्याने एक रंग दुसऱ्यावर चढताना पाहण्यात त्याचा अर्थ आहे.

एकटेपणाला धोके आहेत, ते झाकून काय उपयोग? मोहावी वाळवंटात पेट्रोल पंपांमधलं अंतर फार, मोबाइलची रेंज नाही, उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांच्या वर. एकट्या बाईने किंवा रंगाने वेगळ्या दिसणाऱ्या माणसाने रात्रीचा मुक्काम दिवसा ठरवावा, टाकी अर्धी झाली की भरावी, प्यायचं पाणी लागेल त्याच्या दुप्पट घ्यावं, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि रोज संध्याकाळी घरी कळवावं. एवढं केलं की उरते ती भीती बहुधा सवयीची असते.

चौथा आक्षेप नव्या काळाचा: आता तिथे जाणारे लोक फक्त फोटो काढतात. मला या आक्षेपात दम वाटत नाही. ही शिल्पं पहिल्यापासून नजरेसाठीच होती. पूर्वी लोक पोस्टकार्डं विकत घेत, आता फोनवर चित्र काढतात. प्रश्न एवढाच की फोटोमुळे वस्तू टिकते की नाही. इलिनॉयमधल्या विल्मिंग्टनचा 'जेमिनी जायंट' हा हातात रॉकेट घेतलेला, डोक्यावर अंतराळवीराचं शिरस्त्राण असलेला मफलर मॅन १९६५पासून एका खाणावळीसमोर उभा होता. खाणावळ बंद पडली आणि २०२४मध्ये पुतळा लिलावात निघाला. कुणा श्रीमंताच्या अंगणात तो कायमचा नाहीसा होईल अशी धास्ती होती. शेजारच्या जोलिएटच्या ऐतिहासिक संग्रहालयाने तो २,७५,००० डॉलरना घेतला, डागडुजी केली आणि त्याच वर्षी विल्मिंग्टनच्याच एका बागेत पुन्हा उभा केला. खाणावळीची जाहिरात म्हणून आलेल्या पुतळ्यासाठी एवढी किंमत मोजावीशी वाटली, कारण लाखो लोकांनी त्याच्या पायाशी उभं राहून फोटो काढले होते.

हा सगळा विचार अमेरिकेपुरता राहत नाही. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जून २०२५मध्ये तो पुरा खुला झाला. त्यावरही ठरल्या ठिकाणीच चढ-उतार करता येते. जुन्या रस्त्यांवरचे ढाबे, उसाच्या रसाची गुऱ्हाळं, पेरूवाले आणि हुरड्याच्या पाट्या त्यावरून दिसत नाहीत, दिसल्या तरी थांबता येत नाही. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाची नजर बधिर होते, ही चर्चा या रस्त्याबाबत सुरुवातीपासून झाली आहे. सेलिगमनला १९७८ साली जे झालं ते आपल्या कोणत्या गावांत होऊ घातलं आहे, हे मोजायला अजून उशीर झालेला नाही.

२०२६ हे रूट ६६ चं शंभरावं वर्ष. महाराष्ट्रातले अनेक जण मुलाकडे, लेकीकडे म्हणून अमेरिकेला जातात, आणि तिथे राहणारे तर कित्येक आहेत. त्यांना एवढंच सांगायचं आहे: आंतरराज्य महामार्गावरून जाताना 'हिस्टॉरिक रूट ६६' अशी तपकिरी पाटी दिसली की तो फाटा घ्या. शिकागोहून अटलांटा गाव गाडीने अडीच-तीन तासांवर आहे. यातल्या बहुतेक जागा पाहायला पैसे लागत नाहीत, पण त्या सांभाळणाऱ्या माणसांना रंग विकत घ्यावा लागतो. म्हणून जिथे थांबाल तिथे निदान एक कॉफी घ्या, एक पोस्टकार्ड घ्या, आणि देवमाशाच्या तळ्याकाठी दानपेटी असेल तर तिच्यात दोन डॉलर टाकून पुढे निघा.